त्याच्या वर्षाच्या जेवणाला जाऊ का?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारा वाचक २७ वर्षांचा, मूळचा सांगली जिल्ह्यातला. कॅनडात थंडर बे इथं शिकायला गेला आणि शिक्षण संपल्यावर तिथंच नोकरीला लागला. विद्यार्थी असताना तो एका गोदामात रात्रपाळी करायचा. तिथं त्याला जो मित्र भेटला तो अनिशिनाबे होता, म्हणजे पंचमहासरोवरांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या मूळ रहिवाशांपैकी. सुपिरिअर सरोवराच्या उत्तर काठावरच्या एका लहान वस्तीत त्याचं घर. पुढं दोघांनी मिळून शहरात जागा भाड्यानं घेतली. मित्रानं याला बर्फात गाडी चालवायला शिकवलं, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायला नेलं, आजीच्या हातचा मूसच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, मांसाचा रस्सा खाऊ घातला. यानं त्याला वरणभात, तूप, लिंबाची गोडी लावली. गेल्या फेब्रुवारीत घरी जाताना हायवेवर ट्रकची धडक बसली आणि मित्र गेला. वय २४.

आता मित्राच्या मावशीचा निरोप आलाय. वर्ष पूर्ण होतंय, वस्तीतल्या हॉलमध्ये जेवण आहे, ये. इकडे महिन्याभरानं बहिणीचं लग्न. आई फोनवर म्हणते, "परक्याच्या मयताच्या वर्षाला कशाला जातोस? घरात कार्य आहे." वाचकाला वाटतं, आपण ना त्यांच्या रक्ताचे ना समाजाचे, आपला काय हक्क. त्याच्याकडे अंत्यविधीच्या वेळच्या अग्नीचा (चितेचा नव्हे, विधीसाठी पेटत्या ठेवलेल्या अग्नीचा) एक फोटो आहे, तो त्या दिवशी इन्स्टाग्रामवर टाकावा असं मनात आहे. पैसे गोळा करून सरोवराकाठी मित्राच्या नावाचं बाक बसवावं, तिथल्या मराठी लोकांसाठी त्याच्यावर एक कार्यक्रम करावा, असंही वाटतंय. आणि एक गोष्ट त्याला झोपू देत नाही. दिवाळीच्या स्नेहमेळाव्यात कुणीतरी म्हणालं, "प्यायला असेल. ते लोक तसलेच." हा गप्प बसला.

*

जा.

बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते. तुझ्या पत्रात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी तू स्वतःच स्वतःला नाही म्हणतोस. मावशीनं तारीख कळवली, जागा कळवली, आजी तुझी विचारपूस करते असंही लिहिलं. त्या घरानं तुला बोलावलंय. मग "माझा काय हक्क" हे तू नेमकं कुणाला विचारतोयस?

मला वाटतं, तुझ्या मनात दुःखाची एक उतरंड तयार झालीये. वर आई, मग आजी, मग भावंडं, मग गावातली माणसं, आणि सगळ्यांच्या मागे दाराबाहेर सांगलीकडचा एक मुलगा. ही उतरंड तू रचलीस, त्यांनी नाही. थोडा उलटा विचार कर. शहरातल्या त्या घरात त्याच्याबरोबर राहिलेला तूच आहेस. पहाटेच्या तीन वाजता, अंग मोडून आलेलं असताना, तो कुठल्या गोष्टीवर हसत सुटायचा हे त्याच्या आईला माहीत नाही. पगार झाल्यावर पहिल्यांदा काय विकत आणायचा, घरची आठवण आली की काय बोलायचा, कुणावर त्याचं मन बसलं होतं, हेही बहुधा नाही. लेक शहरात गेला की आईच्या वाट्याला फोनवरचं "मी बरा आहे" एवढंच येतं. तुझ्या आईला विचार. त्याच्या आयुष्याचा तेवढा भाग फक्त तुझ्याजवळ आहे आणि तो त्यांच्यापर्यंत पोचवायला तूच लागणार आहेस.

म्हणून आज रात्रीच एक काम कर. वही घे आणि आठवेल ते लिहून काढ. सुंदर भाषेत लिहू नकोस, क्रमानं लिहू नकोस. भांडणंसुद्धा लिही. त्यानं भाड्याचे पैसे उशिरा दिले असतील, तुझा डबा न विचारता संपवला असेल, तेही लिही. अकाली गेलेल्या तरुण माणसाचं फार लवकर देवघर होतं. सगळे म्हणतात, किती गुणी होता, किती हसरा होता. वर्ष-दोन वर्षांत तो खरा माणूस त्या विशेषणांखाली सापडेनासा होतो. तुझ्या वहीत तो डबा चोरून खाणाराच राहू दे.

आता आई. तिच्यावर चिडू नकोस. ती निर्दय नाही, घाबरलेली आहे. पोरीचं लग्न तोंडावर, पोरगा हजारो मैलांवर, आणि तो कुणा परक्या घरच्या मृत्यूच्या विधीला, त्याच हायवेनं, फेब्रुवारीत निघालाय. तिला जे बोलता आलं नाही ते तिनं शुभ-अशुभाच्या भाषेत सांगितलं. त्या भाषेतलं उत्तरही तुला देता येईल. सुतक सगोत्राला आणि जवळच्या नातलगांना, मित्राला नाही. आणि हे तर वर्ष. वर्षश्राद्ध झालं की घरातलं बंद पडलेलं कार्य पुन्हा सुरू होतं, हे आईला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बऱ्याच अनिशिनाबे कुटुंबांतही असंच एक वर्ष पाळतात. घरातलं माणूस गेलं की वर्षभर पाववावमध्ये, म्हणजे त्यांच्या ढोल-नृत्याच्या मेळाव्यात, नाचायचं नाही. वर्ष भरलं की मंडळी जमतात, जेवतात आणि दुःखातल्या माणसाला पुन्हा सगळ्यांत घेतात. हे सांगितलंस तर आई समजेल. पण त्याच्याही आधी तिला तो कोण होता ते सांग. माझा अंदाज असा की फोनवर तू त्याचा उल्लेख "रूममेट" एवढाच करत आलास. तुला बर्फात गाडी शिकवणारा तो, आजीच्या घरून येताना तुझ्यासाठी डबा आणणारा तो. परक्या मुलुखात तिच्या लेकाला ज्यानं सांभाळलं त्याच्या जेवणाला जाऊ नको असं कुठलीही आई म्हणणार नाही.

जेवणाच्या दिवशी काय करायचं ते जरा सविस्तर सांगते. तुझी अर्धी भीती तिथं काहीतरी चुकेल याची आहे, असं पत्रातून दिसतं.

एक लक्षात ठेव. अनिशिनाबे म्हणजे एक गाव नाही. ऑन्टारिओ, मॅनिटोबा, सीमेपलीकडचं मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, एवढ्या पसाऱ्यात ओजिबवे, ओडावा, पोटावाटोमी असे अनेक समूह आहेत. काही घरं पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक किंवा अँग्लिकन आहेत, काही जुन्या रीतीनं चालणारी आहेत, आणि कित्येक घरांत जपमाळही असते आणि अग्नीही असतो. म्हणून मी खाली जे सांगते ते पुष्कळ ठिकाणी चालतं एवढंच समज. शेवटचा शब्द मावशीचा. तिला आधीच विचार: किती वाजता येऊ, काय घेऊन येऊ, काय टाळू? हा प्रश्न कुणालाही राग आणत नाही.

तू लिहिलंस, अंत्यविधीच्या वेळी तू एक रात्र अग्नीपाशी बसला होतास. तो अग्नी चार दिवस, चार रात्री विझू देत नाहीत, कारण गेलेल्याचा आत्मा चार दिवस पश्चिमेच्या वाटेवर असतो, अशी श्रद्धा आहे. अग्नी राखणाऱ्या माणसावर मोठी जबाबदारी असते. वर्षाच्या दिवशीही हॉलबाहेर अग्नी असेल तर त्याला विचारल्याशिवाय त्यात काही टाकू नकोस. कागदाचा कपसुद्धा नाही. तुला चिमूटभर तंबाखू देतील. आपल्याकडे तंबाखू म्हटलं की चुन्याची डबी डोळ्यांपुढं येते. तिथं ती प्रार्थनेची वस्तू आहे, सीडार, सेज या सुवासिक वनस्पती आणि सुगंधी गवताची वेणी यांच्याइतकीच मानाची. पुष्कळ जण ती डाव्या हातात घेतात. मनातलं मनात बोल आणि सांगतील तिथं वाहा. मराठीत बोललास तरी चालेल. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडे काही विचारायचं असेल, मार्गदर्शन हवं असेल, तर त्यांना आधी तंबाखू देऊन मग विचारतात. छोटी पुडी बरोबर ठेव. ढोल, चिलीम, कुणाची विधीची गाठोडी यांना हात लावू नकोस. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी दारूला शिवू नकोस.

जेवणाआधी, कुणीही घास घेण्यापूर्वी, केलेल्या प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं एका ताटलीत वाढून गेलेल्यासाठी बाजूला ठेवतात. नंतर ती ताटली अग्नीला देतात किंवा झाडाखाली ठेवतात. हे वाचून तुला पितरांचं पान आठवलं असेल. मलाही आठवलं. त्या आठवणीनं तुझा जीव तिथं थोडा रमेल, हे चांगलंच आहे. फक्त "आमच्याकडे अगदी असंच असतं" हे वाक्य त्या दिवशी तोंडात येऊ देऊ नकोस. त्यांच्या घरच्या दिवशी आपल्या घरची गोष्ट कशाला? ते विचारतील, तेव्हा सांग.

आणि वरणभात घेऊन जा. मावशीला विचारून, पण जा घेऊन. जंगली तांदूळ, सरोवरातले मासे, मूसचं मांस, बॅनक नावाची तव्यावरची किंवा भट्टीतली जाड भाकरी, ब्लूबेरी, असं काय काय तिथं असेल. त्यात त्याला आवडणारा तुझा वरणभात असायला हवा. सकाळी कुकर लाव, वरण जरा घट्टच ठेव, तूप वेगळ्या बाटलीत, लिंबं वेगळी. ताटली वाढणाऱ्या बाईला सांग, हे तो दर रविवारी खायचा. तुला भाषण करायला सांगितलं आणि तोंडातून शब्द फुटला नाही, तर एवढं एक वाक्यही पुरेल.

लवकर पोच. खुर्च्या मांड, लाकडं आत आण, म्हाताऱ्यांना आधी वाढतात तेव्हा ताटं घेऊन फिर, मागाहून भांडी घास. नवख्या घरी अवघडून कोपऱ्यात उभं राहण्यापेक्षा हात ओले असलेले बरे. निघताना घरचे लोक पाहुण्यांना वस्तू देतात. ब्लँकेट असेल, टॉवेल असेल, मण्यांचं काहीतरी असेल, त्याची एखादी वस्तूही असेल. आपली सवय आहे, दोनदा नको नको म्हणायची. तिथं तसं करू नकोस. दोन्ही हातांनी घे आणि "मिग्वेच" म्हण, म्हणजे त्यांच्या भाषेत आभार.

फोटोचा प्रश्न मात्र मला काळजीचा वाटतो. तू तो चोरून काढला नाहीस, भरून आलं म्हणून काढलास, हे मला कळतं. पण त्या अग्नीचे फोटो बहुतेक ठिकाणी काढू देत नाहीत आणि काढलेच तर बाहेर दाखवत नाहीत. तो टाकू नकोस. मावशीला सरळ सांग: माझ्याकडे हा फोटो आहे, त्या वेळी मला माहीत नव्हतं, तुम्हाला हवा आहे का, की पुसून टाकू? ती म्हणेल तसं कर आणि विषय तिथंच संपव. हसणाऱ्या मित्राचा फोटो, मासा हातात धरलेला, बर्फात पडलेला, हे वेगळे. तेही टाकण्यापूर्वी त्याच्या आईला विचार. एखादी सकाळ फोन उघडल्याबरोबर लेकाचा चेहरा अनोळखी लोकांच्या भिंतीवर बघायची तिची तयारी असेलच असं नाही. त्यापेक्षा सगळे फोटो छापून घे, छोटा अल्बम कर, आणि जाताना तिच्या हाती दे. प्रत्येकाखाली तारीख आणि जागा लिही. व्हिडिओ असतील तर पेनड्राइव्हवर. त्याचा आवाज ज्यात आहे असं तुझ्याकडे जे काही असेल, उगाच पाठवलेला व्हॉइस मेसेजसुद्धा, ते तिच्यासाठी जगातलं सगळ्यात मोलाचं असेल. फोन बदलण्याआधी त्याच्या दोन प्रती करून ठेव.

बाकाबद्दल थोडक्यात. थांब. सरोवराकाठी, जिथून समोर तो निजलेल्या राक्षसासारखा डोंगर दिसतो, तिथं त्याचं नाव असावं, ही तुझी इच्छा छान आहे. तो डोंगर त्याच्या लोकांच्या कथांतला नानाबिजू नावाचा अद्भुत पुरुष आहे, दगड होऊन निजलेला. पण ती जागा, ते नाव, आणि नावाखाली काय लिहायचं, हे ठरवणं घरच्यांचं आहे. आत्ता त्यांना काय लागतंय ते विचार. वर्षाच्या जेवणाला खर्च येतो, दूरच्या नातलगांना पेट्रोलला पैसे लागतात, एखाद्या चुलत भावाची हॉकीची फी भरायची असते. वर्गणी काढायची तर घरच्यांना विचारून, त्यांना हव्या त्या गोष्टीसाठी, आणि गाजावाजा न करता.

आता दिवाळीची ती संध्याकाळ.

तू गप्प बसलास. बोलायला हवं होतंस, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. ते तुलाही माहीत आहे, म्हणून तर तू लिहिलंस. पण ते वाक्य इतक्या सहज का आलं, ते बघ. तुझ्या शहरात त्या वाक्याला इतिहास आहे. २००० ते २०११ या काळात उत्तरेकडच्या वस्त्यांतून थंडर बेला हायस्कूल शिकायला आलेल्या सात मूळ रहिवासी विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. आपल्या गावात हायस्कूलची पुरेशी सोय नाही, म्हणून त्यांतली बहुतेक मुलं आईबापांना सोडून शेकडो किलोमीटर दूर, परक्या घरांत राहायला आली होती. पाच जणांचे मृतदेह नद्यांत सापडले. या मृत्यूंची न्यायिक चौकशी अखेर २०१५ मध्ये सुरू झाली, २०१६ च्या जूनमध्ये संपली आणि ज्युरीनं १४५ शिफारशी केल्या. मग २०१८ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांवर देखरेख करणाऱ्या प्रांतिक यंत्रणेचा अहवाल आला. थंडर बेच्या पोलिस दलात वर्णद्वेष मुरलेला आहे, मूळ रहिवाशांच्या मृत्यूंचे तपास अपुरे झाले आणि घाईनं निष्कर्ष काढले गेले, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नऊ मृत्यूंचा तपास नव्यानं करा, असंही. "प्यायला असेल" हा तो घाईचा निष्कर्ष. पोलिसांच्या कागदात तो आला तेव्हा तपास थांबला. दिवाळीच्या फराळाशी आला तेव्हा तुझ्या मित्रासाठीचं हळहळणं थांबलं.

पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं तर लांबलचक वाद घालू नकोस. तो प्यायला नव्हता हे सिद्ध करायलाही धावू नकोस. कारण तसं केलंस की तूही मान्य केल्यासारखं होतं की प्यायलेला असता तर त्याचं जाणं कमी दुःखाचं असतं. एवढंच म्हण: "तो माझा मित्र होता. माझ्याच घरात राहायचा. त्या दिवशी आजीकडे निघाला होता." आवाज न चढवता. समोरच्याला यापुढं काही बोलवत नाही. आणि ज्यानं ते वाक्य उच्चारलं त्याला आत्ताही फोन करता येईल. उशीर झालाय, पण दिवाळी अजून वर्षाच्या आतलीच आहे.

मराठी मंडळीसाठी त्याच्यावर कार्यक्रम करण्याचा विचार मात्र सोडून दे, असं मी म्हणेन. तुझा हेतू चांगला आहे, पण पडद्यावर त्याचा फोटो आणि खाली मूळ रहिवाशांचा इतिहास असं झालं की तो एका प्रश्नाचं उदाहरण होऊन बसेल. त्याला ते आवडलं असतं का? तुला ठाऊक असेल. इतिहास लोकांना कळायलाच हवा. सरकार आणि चर्चनं चालवलेल्या निवासी शाळांत मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुलं घातली गेली, त्यांची भाषा तोडली, शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. या शाळांबद्दल नेमलेल्या सत्यशोधन आयोगानं २०१५ मध्ये ९४ मागण्या मांडल्या. कॅनडात राहणाऱ्या मराठी माणसाला हे माहीत नसणं बरं नाही. २०२१ पासून ३० सप्टेंबर हा त्यासाठीचा राष्ट्रीय दिवस आहे. त्या दिवशी तुझ्या मंडळात तिथल्याच समाजातल्या कुणाला तरी बोलवा, मानधन द्या, जाण्यायेण्याची सोय करा आणि समोर बसून ऐका. मित्राला त्यातून मोकळं ठेव. आणि हो, या शाळांचं वाचल्यावर त्याच्या आजीला त्याबद्दल विचारायचा मोह होईल. विचारू नकोस. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

तू पत्राच्या शेवटी लाजत लाजत विचारलंस, सर्वपित्रीला मी त्याच्या नावानं पाणी सोडलं तर चालेल का. चालेल. आपल्या तर्पणात मित्राला जागा आहे. जे आपले बांधव नव्हते, ज्यांचं करणारं कुणी नाही, त्यांनाही त्यात पाणी आहे. तुझ्या मित्राचं करणारे पुष्कळ आहेत, तू त्यांतला एक. घरात, आपल्या पद्धतीनं, निमूटपणे कर. त्यांची पद्धत मात्र घरी आणू नकोस. ऑनलाइन मिळणारी सेजची जुडी आणि सुगंधी गवताची वेणी मागवून विधी मांडायची काही गरज नाही. कुणी प्रेमानं दिली आणि कशी वापरायची ते सांगितलं, तर गोष्ट वेगळी.

या निमित्तानं इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते, कारण सडबरीपासून विनिपेगपर्यंत आणि खाली डुलूथ, मिनियापोलिसपर्यंत मराठी माणसं आता मूळ रहिवाशांच्या शेजारी राहतात, त्यांच्याबरोबर काम करतात. सहकारी गेला आणि घरच्यांशी ओळख नसेल, तर बँड ऑफिसला, म्हणजे त्यांच्या वस्तीचा कारभार पाहणाऱ्या कचेरीला, किंवा कामावरच्या एखाद्या जवळच्या माणसाला विचारा, निरोप कुणाकडे द्यावा. निरोपात तो माणूस तुम्हाला कसा आठवतो हे एका वाक्यात लिहा. मृत्यू कसा झाला हे विचारू नका. आत्महत्या असेल तर कशी, का, हे आपसांतही चघळू नका. बोलावणं नसेल तर विधीला आपण होऊन जाऊ नये, पण जेवण सगळ्यांसाठी असतं का हे विचारायला हरकत नाही, पुष्कळदा असतं.

आणि तू स्वतः. तू लिहिलंस की रात्री ट्रकचा आवाज आला की उठून बसतोस, आणि त्याची खोली अजून तशीच आहे, भाडं तू एकटाच भरतोयस. हे वर्षभर चाललंय आणि तू घरी कुणाला सांगितलेलं नाहीस. यावर एखाद्या समुपदेशकाशी बोल. कॅनडात ९८८ या संकटकाळच्या मदतक्रमांकावर रात्री-बेरात्री फोन किंवा मेसेज करता येतो. फार अंधारून आलं तर वाट बघू नकोस. मराठीतून बोलायचं असलेल्या भारतातल्या वाचकांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. खोलीतलं सामान आवरायची घाई नको, पण ते एकट्यानं आवरायचं नाही हे आत्ताच ठरव. जेवणाच्या दिवशी मावशीला विचार, तिला किंवा भावंडांना येऊन बघायचंय का, काही घरी न्यायचंय का. कदाचित वर्षभर तेही हेच विचारायला संकोचत असतील.

जाताना गाडी एकट्यानं चालवू नकोस. तोच रस्ता आहे, पुष्कळ ठिकाणी दुपदरी, दिवसभर मोठे ट्रक, आणि फेब्रुवारीत लवकर अंधारतं. गोदामातलं दुसरं कुणी येणार असेल तर बरोबर जा, नाहीतर थंडर बेहून कोण नातलग निघतंय ते मावशीला विचार. उजेडात निघ, रात्री परत फिरू नकोस, मुक्कामाला जागा आहे का ते आधी बोलून ठेव. निघण्यापूर्वी ऑन्टारिओ ५११ वर रस्त्याची स्थिती बघ. वादळानं हायवे बंद झालाच तर तसा फोन कर आणि उघडल्यावर जा. एक दिवस उशिरा पोचलास तरी चालेल.